गुहेतला एक चौरस मीटर

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी गुहेत पुढील गोष्टी होत्या. रबरी चपला तीन, तिन्ही डाव्या पायाच्या. टॉर्चचे संपलेले सेल सात. चुलीसारखे मांडलेले दगड तीन आणि त्यांच्यामध्ये अर्धवट जळालेली उत्तरपत्रिका एक, गुण पन्नासपैकी नऊ. भिंतीवर बदामात कोरलेल्या नावांच्या जोड्या अकरा. त्यांतलं एक नाव तीन वेगवेगळ्या बदामांत होतं, पण तो माझ्या अभ्यासाचा विषय नव्हता. शेळ्यांच्या लेंड्या मोजल्या नाहीत, वजन केलं: सव्वादोन किलो. वटवाघळं एकशे चौदा. मोजता मोजता ती हलली, त्यामुळे चार-पाच इकडेतिकडे. मोडकी प्लास्टिकची खुर्ची एक. विहिरी खणणारे मामा एक. आणि मी. खुर्ची मामा बसेपर्यंत धड होती, पण नोंद केली तेव्हा ती मोडलेली होती, म्हणून तशी लिहिली.

काम साधं होतं. गुहेच्या तळात एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखायचा, थापी आणि ब्रशने पाच-पाच सेंटिमीटर खाली जायचं, निघालेली सगळी माती चाळायची आणि जनावरांची जुनी हाडं किंवा माणसाने घडवलेले दगड मिळाले तर ते कुठल्या थरात मिळाले हे लिहून ठेवायचं. हाड नुसतं मिळून काही उपयोग नसतो. ते कुठे आणि कशाच्या शेजारी मिळालं, यालाच सगळी किंमत. हे मी घरी इतक्या वेळा सांगितलं होतं की बाबा मान हलवताना पेपर वाचणं थांबवत नसत.

"म्हणजे विहीर नाही," मामांनी पहिल्याच दिवशी खात्री करून घेतली.

"नाही मामा."

"पाणी लागलं तर?"

"तर वाईट."

मामांनी बावीस वर्षांत साठच्या वर विहिरी खणल्या होत्या. पाणी लागलं तर वाईट, हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि गुहेच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "ताई, आमच्या धंद्यातला कोणी इकडून गेला तर मला आधी सांगा. मी उभा राहीन."

पहिल्या दिवशी आम्ही सात सेंटिमीटर गेलो. मामांच्या मते एवढं तर विहिरीच्या जागेवर नारळाएवढा दगड ठेवला तरी जमीन दबते.

खोदकामाला सरकारी परवानगी लागते. तालुका कचेरीतला अर्ज मी नीट वाचूनच भरला होता. 'खोदकामाचे प्रयोजन' या रकान्यात चार पर्याय होते: विहीर, शोषखड्डा, पाया, इतर. मी 'इतर'वर खूण केली. खिडकीतल्या कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, इतर करू नका."

"का?"

"इतरवर सही कोण करतं ते माहीत नाही."

"कोणालाच?"

"आजवर कोणी केलंच नाही ना इतर. तुम्ही पाया करा. पायाला मीच सही घेऊन देतो. बारा दिवस मिळतात."

"पण मी काही बांधणार नाहीये."

"पाया घालणारे सगळेच कुठे बांधतात?"

विज्ञानाच्या पदवीधर मुलीने खोट्या रकान्यात खूण करावी का, यावर मी पायऱ्यांवर उभी राहून चार मिनिटं विचार केला आणि मग 'पाया'वर खूण केली. पुढे जे झालं त्याची मुळं या चार मिनिटांत आहेत. बारा दिवसांत रविवार धरलेला आहे, हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी ओव्हरसियर आले. स्टीलचा टेप कमरेला, काखेत लाल पाठीची मापवही, आणि स्कूटरवरून उतरल्यावरही हेल्मेट डोक्यावर. गुहेत हे फारच समंजसपणाचं होतं, कारण वटवाघळं एकशे चौदा होती.

"पाया कुठाय?"

मी चौकोन दाखवला. दोरी चारी बाजूंनी ताणलेली, कडा सरळ, खोली तेहेतीस सेंटिमीटर. मला त्या कडांचा अभिमान होता. तळाशी मामा पालथे पडून टूथब्रशने माती झाडत होते.

"एक बाय एक?" ओव्हरसियर वाकून म्हणाले. "काय बांधताय, टपरी?"

"नाही, हे उत्खनन आहे. परवान्यावर पाया आहे, पण तो नाइलाजाने."

"आणि हे दात का घासतायत जमिनीचे?"

मामा उठून उभे राहिले. मी सगळं समजावून सांगितलं. ओव्हरसियरांनी शांतपणे ऐकलं, मापवहीत काहीतरी लिहिलं आणि मग सहज, हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाले, "मग बाराव्या दिवशी आवरून घ्या. तेराव्या दिवशी पाइप येतायत."

"कसले पाइप?"

"नळयोजनेचे. सहाशे नग. गुहा गोडाउनला दिलीय. त्याआधी तळ सपाट करून काँक्रीट टाकायचंय."

मी त्यांना विचारलं की काँक्रीटखाली काय आहे हे कोणी पाहिलंय का. ते म्हणाले, काँक्रीटखाली काय आहे ते कोणालाच बघायला लागू नये, म्हणून तर काँक्रीट टाकतात.

त्या क्षणापासून मला एका जागी बसवेना. एरवी मी शांत मुलगी आहे. पण त्या दिवशी मी ओळंबा सहा वेळा लावून पाहिला आणि चाळलेली माती पुन्हा चाळली. शेवटी मामांनी मला सांगितलं, "ताई, तुम्ही कचेरीत तरी जा. इथे तुमच्या येरझाऱ्यांनी कडा ढासळतायत."

कचेरीत कारकुनांनी सहानुभूतीने ऐकलं. वाईट माणूस नव्हता. आत जाऊन साहेबांशी बोलून आले आणि म्हणाले, "साहेब म्हणतात, पुरावा आणा. जुन्या काळी तिथे माणूस होता असा. मग पाइप दुसरीकडे हलवू."

"कसला पुरावा चालेल?"

"तुम्हीच सांगा, मी लिहितो."

मी सांगितलं: एकाच अस्पर्श थरात, जागच्या जागी, जनावराचं हाड आणि माणसाने घडवलेलं दगडी हत्यार एकमेकांजवळ सापडलं पाहिजे.

"जवळ म्हणजे किती?"

"तसा काही नियम नाही."

"मॅडम, नियम नसेल तर पत्र निघत नाही." त्यांनी एक जाड पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि एका पानावर बोट ठेवलं. "हे बघा. दोन वस्तू जवळ आहेत की नाही याचा आमच्याकडे एकच नियम आहे. पाइपजोडणीचा. दोन तोंडांमधलं अंतर पन्नास मिलिमीटरच्या आत असेल तर जोडणी मान्य. हाच लावू?"

पाचव्या दिवशी पत्र हातात पडलं. हाड आणि हत्यार यांच्यामधलं अंतर पन्नास मिलिमीटरच्या आत, जागेवर किंवा मातीच्या अखंड ढेकळात, खात्याच्या माणसाने खात्याच्या मापाने मोजलेलं. मुदत बाराव्या दिवसाची कामाची वेळ संपेपर्यंत. अश्मयुगाला पाइपजोडणीचा नियम लागू करणारं हे बहुधा पहिलंच पत्र असावं. मी त्याच्या तीन प्रती काढल्या.

आणि खरं सांगायचं तर सहाव्या दिवशी, शनिवारी, आम्ही जिंकलो होतो. बावन्न सेंटिमीटरवर, पिवळ्या मातीत, खुरवाल्या जनावराची एक दाढ निघाली आणि तिच्या शेजारी गारगोटीची कपची. गुहा चुनखडीची आहे. चुनखडीत गारगोटी आपण होऊन येत नाही. ती कोणीतरी हातात धरून आणावी लागते. शिवाय कपचीच्या एका टोकाला तो छोटासा फुगवटा होता, जो दगडाला दगडाने नेमका फटका मारल्यावरच येतो. अंतर अडतीस मिलिमीटर. मामांनी स्वतःहून टाळी वाजवली आणि पन्नासेक वटवाघळं उडाली.

ओव्हरसियर शनिवारी दुपारनंतर फोन उचलत नसत. सोमवारी येतील, असं कचेरीतून कळलं. शेळ्या रोज गुहेत येत, त्यामुळे ती जोडी तशीच ठेवणं धोक्याचं होतं. मी ती सभोवतालच्या मातीसकट कापून काढली, डोक्याएवढं ढेकूळ झालं, ते ओल्या कपड्यात गुंडाळलं आणि घरी आणलं. आजवर निघालेल्या बाकीच्या दोनशे बारा वस्तूही घरीच होत्या, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, प्रत्येक पिशवीत खोली लिहिलेली चिठ्ठी. सगळं मी माझ्या खोलीत, पलंगाखाली ठेवलं. रविवारी सकाळी मी गुहेत गेले, कारण रविवार धरलेला होता.

आता आईबद्दल सांगायला हवं. माझी आई अठ्ठावीस वर्षं इस्पितळात मेट्रन होती. तिच्या वॉर्डात जमिनीवर पडलेली गोळी उचलून तिच्यावर धूळ आहे का, हे डॉक्टर स्वतः तपासत, आणि ती कधीच नसे. निवृत्त झाल्यापासून तिचं सगळं सामर्थ्य तीन खोल्यांवर एकवटलं आहे. आणि शेजारी राहणारे काका, ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांच्या आयुष्यात कधीही एकही नट हरवला नाही, हे ते स्वतः सांगतात. ही दोन माणसं माझ्या गैरहजेरीत एकत्र येतील, हे कोणत्याही जोखमीच्या यादीत मी लिहिलं नव्हतं.

दुपारी दोन वाजता घरी आले तर जिन्यात साबणाचा वास येत होता.

बाल्कनीत तीन चादरी पसरलेल्या. त्यांवर हाडं. स्वच्छ, पांढरी, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेली. आई शेवटची दाढ जुन्या मोज्याने पुसत होती.

"आलीस? बघ. किती घाण होती गं पलंगाखाली. म्हटलं तू दमतेस, एवढं तरी करावं."

मी नुसती चादरींकडे बोट दाखवत राहिले.

"आणि पिशव्या?"

"धुऊन वाळत घातल्यात. चांगल्या आहेत, पुन्हा वापरता येतील."

"चिठ्ठ्या?"

"त्या भिजल्याच ना. लगदा झाला."

"आई. कपड्यात गुंडाळलेलं ढेकूळ होतं..."

"ते तर सगळ्यात वाईट होतं! दोन बादल्या पाणी गेलं. एवढ्या मातीतून एक दात निघाला," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात मातीबद्दलची नापसंती होती.

तेवढ्यात काका आले. हातात मार्करचं पेन. "पोरी, तुझा सगळा माल मी लावून दिलाय. आकारमानाप्रमाणे. हाडं लहान, हाडं मध्यम, हाडं मोठी. नीट बघ, नंबर टाकलेत."

खरंच टाकले होते. प्रत्येक हाडावर, न पुसल्या जाणाऱ्या काळ्या शाईने. हा/ल/१. हा/ल/२. हजारो वर्षं अंधारात पडून राहिलेल्या एका हाडावर 'हा/म/४०' असं इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की मला रडूही येईना.

"आणि दगड?" मी विचारलं. "पंधरा कपच्या होत्या."

"साधे खडे होते गं ते. भंगार नोंदीत टाकले."

"म्हणजे कुठे?"

काकांनी अभिमानाने आपल्या बाल्कनीकडे हात केला. तिथे अकरा कुंड्या होत्या. "तळाला खडी लागतेच. पाण्याचा निचरा होतो."

मी जमिनीवर बसले. साबणाच्या पाण्यातच. आईने मोजा बाजूला ठेवला. आपण काहीतरी केलंय हे तिला कळलं होतं, काय केलंय ते कळलं नव्हतं. मी सांगितलं. पत्र दाखवलं. पन्नास मिलिमीटर, अडतीस मिलिमीटर, बारावा दिवस, सहाशे पाइप, काँक्रीट. बाबा पेपर खाली ठेवून दारात येऊन उभे राहिले.

आईने पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग हात पुसत म्हणाली, "मला विचारायला हवं होतं."

"मला सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

"तू सांगितलं होतंस," बाबा म्हणाले. "आम्ही ऐकलं नाही."

एवढ्या प्रामाणिकपणाची आमच्या घराला सवय नाही. सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. काकांनी त्यावर उपाय म्हणून विचारलं, "स्टॉक टॅली करायचा का?"

आणि सोमवारचा अख्खा दिवस आम्ही तेच केलं. ढेकूळ गेलं ते गेलं; ओव्हरसियरांना दाखवायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांना येऊ नका असं कळवलं. ते कोणालाही परत आणता येणार नव्हतं. पण माझ्या वहीत प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, जाडी आणि वजन लिहिलेलं होतं, लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. वजन धुतल्यामुळे बदललं, लांबी बदलली नव्हती. आई हाड चिमट्यात धरायची, मी व्हर्नियर लावायचे, बाबा वहीतले आकडे शोधायचे. बाबा शाळेत चित्रकला शिकवत, त्यामुळे आकडे सोडून ते माझ्या आकृत्यांवर बोलत. "ही बरगडी आहे का? छायेत काढलीस की नाही? हे तर वांगं दिसतंय." काका नवी नोंदवही करायचे आणि दर दहा वस्तूंनंतर "दहा चेक" असं ओरडायचे.

कुंड्या संध्याकाळी उपसल्या. एकेक रोप काढून, काकू घरात नसताना. अकरा कुंड्यांतून खडी निघाली तीनशे सत्तेचाळीस नग. त्यांतून तेरा कपच्या ओळखू आल्या. उरलेल्या दोन कुठे गेल्या कोणास ठाऊक. काकांच्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हरवलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि रात्री जेवले नाहीत, असं काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. रोपांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

मंगळवारी, नवव्या दिवशी, मी आणि मामा पुन्हा खड्ड्यात. चार दिवस होते. पुन्हा एखादी जोडी मिळेल या आशेवर मी थापी चालवत होते. पासष्ट सेंटिमीटर: काही नाही. सत्तर: काही नाही. एकाहत्तरला दिवस संपला. चाळणीत फक्त माती. शून्य हीदेखील नोंद असते, ती प्रामाणिकपणे करायची असते, हे मी स्वतःला सांगत होते आणि नखं खात होते. दहाव्या दिवशी एकोणऐंशीवर थापी टण्ण वाजली.

"संपलं," मी म्हणाले. "खडक."

मामांनी खाली उतरून बोटाने टकटक केलं. कान लावला. पुन्हा टकटक केलं. "खडक नाही ताई. पापुद्रा आहे. खाली पोकळ नाही, पण मऊ आहे. खडकाचा आवाज असा येत नाही."

साठ विहिरींचा कान होता तो. छतावरून शतकानुशतकं थेंब पडून चुन्याचा थर साचतो आणि घट्ट होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्याच्याखाली जे असेल ते झाकण लावल्यासारखं बंद असणार, हेही. पण तो खडक नाही, हे मामांनी ओळखलं. मी तर खड्डा बुजवायच्या विचारात होते.

पापुद्रा फोडायला अकरावा अख्खा दिवस लागला. सात सेंटिमीटर जाडी. छिन्नी, छोटा हातोडा, आणि मामांचा अंगठा. तो संध्याकाळपर्यंत लिंबाएवढा झाला. सोमवारपासून मी धड झोपले नव्हते. डोळे मिटले की डोक्यात पाच-पाच सेंटिमीटरने खाली जायचे. घरी येऊन मी जेवताना मिठाची बरणी ताटाच्या कडेशी काटकोनात लावली, असं बाबा म्हणतात.

शुक्रवारी, बाराव्या दिवशी, सकाळी निघताना दारात आई उभी होती. पांढरा ॲप्रन, खिशात तिचे जुने चिमटे. मागे बाबा छत्री घेऊन. त्यामागे काका, नवी वही घेऊन.

"आम्ही चाळणी धरू," आई म्हणाली. "हात लावणार नाही."

गुहेत आल्यावर मामांनी सगळ्यांना एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आज तर पायाभरणीच आहे म्हणायची."

पापुद्र्याखाली लाल माती होती. ओलसर, बारीक, एकदाही न हललेली. शहाऐंशीपासून मी उतरायला लागले. खड्ड्यात एका वेळी एकच माणूस बसू शकतो, तोही गुडघे हनुवटीशी घेऊन. ब्याण्णववर पांढरं काहीतरी दिसलं. माझा हात एवढा थरथरत होता की ब्रशचे केस मातीवर लिहिल्यासारखे ओढले जात होते. मामांचा अंगठा तर पट्टीत.

"बाहेर ये," आई म्हणाली.

"आई, नको..."

"तुझे हात बघ. अशा हातांनी मी कोणाला इंजेक्शनसुद्धा देऊ दिलं नसतं. बाहेर ये."

तिच्या त्या आवाजापुढे बड्या सर्जनचं काही चाललेलं नाही. मी बाहेर आले. आई चप्पल काढून खाली उतरली, दोन्ही पायांवर उकिडवी बसली आणि चिमट्याने मातीचा एक कण उचलला. मग दुसरा. मी कडेवर पोटावर झोपून सूचना देत होते. तिला त्यांची फारशी गरज नव्हती. जखमेतून काचा काढाव्यात तशी ती काम करत होती. चाळीस मिनिटं गेली. काका मधूनच, काही माल बाहेर निघाला का या अर्थाने, कुजबुजत, "काही इशू झालं का?"

मग आईचा हात हवेत थांबला.

"इथे हाड आहे. आणि त्याला टेकून दगड आहे. धारदार दिसतोय." मग म्हणाली, "मी धुणार नाहीये. घाबरू नकोस."

मी वाकून पाहिलं. मग लगेच म्हणाले, "आई, आता हलू नकोस."

फक्त तिच्या उजव्या टाचेच्या आधाराने पापुद्र्याची तुटकी कड लोंबकळत होती. टाच उचलली असती तर ती कड सरळ त्या जोडीवर पडली असती. वेळ साडेतीन. कामाची वेळ पाचला संपते. ओव्हरसियर दोन किलोमीटरवर पाइपांच्या ट्रकपाशी. फोन लागेना. मामा अंगठा वर धरून धावत सुटले.

"किती वेळ?" आईने विचारलं.

"अर्धा तास."

"बरं."

दहा मिनिटांनी म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात."

"येऊ दे गं. हलू नकोस."

"हलतंय कोण? सांगतेय नुसती."

बाबा आत उतरू शकत नव्हते, म्हणून कडेवर बसून त्यांनी आपला हात खाली सोडला आणि तिच्या खांद्याखाली आधार दिला. छत्री उघडून त्यांनी वटवाघळांकडून होणाऱ्या संभाव्य हानीपासून तिला वाचवलं. आई म्हणाली, लग्नानंतर एवढ्या प्रेमाने हे पहिल्यांदाच छत्री धरतायत. बाबा म्हणाले, तू एवढी शांत पहिल्यांदाच बसलीयस. काकांनी घड्याळ बघितलं. मी घड्याळ बघणं थांबवूच शकत नव्हते.

चार वाजून बावीस मिनिटांनी ओव्हरसियर आले, हेल्मेटसकट.

"या कोण?"

"आई."

"परवान्यात मजूर दोन लिहिलेत."

"मी मजूर नाही," खड्ड्यातून आवाज आला. "मी आई आहे. मोजा लवकर, बावन्न मिनिटं झाली न हलता बसून."

ओव्हरसियरांनी खड्ड्यात पाहिलं. मग हेल्मेट काढलं, ते मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि कडेवर आडवे झाले. मी व्हर्नियर पुढे केला. "नको," ते म्हणाले, "खात्याचं माप." स्टीलचा टेप हळूहळू खाली गेला. खोली घेतली. हाडाची लांबी घेतली. दगडाची घेतली. मग दोन्हींच्या मधे टेपचं टोक घालून पाहिलं. ते जाईना. त्यांनी थोडा विचार केला, मापवहीच्या कोऱ्या पानाचा कोपरा फाडला आणि तो मधे सरकवून पाहिला. तोही जाईना.

ते उठले, गुडघे झटकले आणि लाल वहीत, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एकेक ओळ लिहिली आणि खाली सही केली.

खोली: ०.९४ मीटर. हाड, लांबी: ११८ मि.मी. दगड, लांबी: ४६ मि.मी. दोन्हींमधले अंतर: ० मि.मी.